कोचची सही नसलेला कागद : अल्बर्ट मीन्स प्रकरण

२००५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्टात, एक धिप्पाड तरुण साक्षीला उभा राहिला. सहा फुटांहून बराच उंच, वजन तीनशे पौंडांच्या पुढे. नाव अल्बर्ट मीन्स. आरोपी तो नव्हता आणि पैसे घेतल्याचा ठपकाही त्याच्यावर नव्हता. तरी गेली चार वर्षं वर्तमानपत्रं कॉलेज फुटबॉलमधल्या लाचखोरीच्या या भानगडीला त्याच्याच नावाने ओळखत होती. साक्षीत त्याने दोन गोष्टी सांगितल्या. कुठल्या कॉलेजात खेळायला जायचं, हे त्याने शाळेतल्या कोचवर सोडलं होतं. आणि कॉलेजप्रवेशासाठी लागणारी परीक्षा त्याने दिलीच नव्हती. कोचच्या व्यवस्थेनुसार त्याच्या नावावर दुसराच कुणीतरी बसला होता.

हायस्कूलच्या कोचचं कॉलेज फुटबॉलमधलं स्थान समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते या एका प्रकरणाइतकं उपयोगी दुसरं काही नाही. लाचखोरीची प्रकरणं तशी ढिगाने आहेत. पण इथे लाच नेमकी कशासाठी दिली गेली, हे कोर्टाला शब्दांत मांडावं लागलं आणि ते मांडताना कोच नावाच्या माणसाच्या हातात काय असतं हे उघडं पडलं.

आधी एक खुलासा. फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून खेळतात तो अमेरिकन खेळ. आपल्याकडे कोल्हापुरात पेठापेठांत खेळला जातो तो नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कॉलेजचा हा खेळ व्यावसायिक खेळाहूनही जिव्हाळ्याचा. अलाबामा विद्यापीठाच्या संघाबद्दल तिथे लोक ज्या सुरात बोलतात, तो सूर आपल्याकडे फक्त वारीबद्दल बोलताना ऐकू येतो.

पोरगा आणि कॉलेज यांच्यामधला माणूस

विद्यापीठाच्या संघात खेळाडू येतो तो थेट शाळेतून, सतरा-अठराव्या वर्षी. वरच्या श्रेणीतल्या संघाला तेव्हा ८५ शिष्यवृत्त्या देता यायच्या. त्यात शिकवणीची फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं आलं. त्यासाठी देशभरातले कॉलेज-कोच शाळाशाळांतून मुलं हेरत फिरतात. याला म्हणतात रिक्रूटिंग.

यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं नाव एनसीएए. पोरांना कॉलेजवाल्यांनी सतावू नये म्हणून तिने नियमांचं जंगल वाढवलं. मुलाला फोन किती वेळा करायचा, घरी केव्हा जायचं, कुठल्या आठवड्यात तोंडसुद्धा दाखवायचं नाही, सगळं ठरलेलं. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या मुलाला आठवड्याला एकच फोन, असा तेव्हाचा दंडक होता. वसंत ऋतूत कॉलेजचा कोच शाळेत येऊन सराव पाहू शकायचा, पण मुलाशी नमस्कार-चमत्कारापलीकडे बोलायचं नाही.

हेतू चांगलाच होता. पण पाणी अडवलं की ते दुसरीकडून वाट काढतं. मुलाशी बोलायला बंदी, शाळेच्या कोचशी बोलायला नाही. मग कॉलेजचा कोच विमानाने येतो, शाळेच्या जिमखान्यामागच्या खोलीत तासभर बसतो आणि पोराबद्दलची इत्थंभूत माहिती कोचकडून घेऊन जातो. गुडघा कसा आहे, घरी कोण कमावतं, गणितात नापास होईल का, आईचं ऐकतो की मामाचं. फोनची मर्यादा संपली तर कोचला निरोप जातो, ‘पोराला सांगा, तूच फोन कर.’ मुलाने आपणहून केलेला फोन नियमात बसत असे. पत्रं यायची ती बहुधा शाळेच्या पत्त्यावर, म्हणजे कोचच्या टेबलावर. सामन्यांच्या व्हिडिओ टेप कोचच्या कपाटात आणि त्या कुणाला पाठवायच्या हेही तोच ठरवणार. मुलाला वाचवायला घातलेलं कुंपण कोचच्या दाराशी येऊन संपत होतं, आणि त्या दाराची किल्ली एकट्या कोचकडे होती.

बहुतेक कोच ही किल्ली नीट वापरतात, हेही तितक्याच ठसक्याने सांगायला हवं. अमेरिकेत शाळेचा कोच हा बहुधा शिक्षकच असतो. पगार शिक्षकाचा, वर कोचिंगचा थोडा भत्ता. तोच मुलाला सकाळी गाडीतून शाळेत आणतो, विषय कुठले घ्यायचे ते बघतो, प्रवेशाचे अर्ज भरून घेतो. ज्या घरात याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, त्या घरात ‘अमुक कॉलेज बरं, तमुक नको’ हे सांगणारा तो एकमेव जाणता माणूस. आपल्याकडे तालुक्याच्या गावात एखादे पीटीचे सर असतात, क्रीडा प्रबोधिनीचा फॉर्म स्वतःच्या खिशातून पैसे घालून भरणारे. त्यांच्यावर पालकांचा जसा आंधळा विश्वास, तसाच इथेही.

आणखी एक बारकावा, ज्यावर माझ्या मते पुरेसं बोललं जात नाही. खेळाडू कॉलेजशी बांधला जायचा तो ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाच्या कागदाने. १९६४ पासून २०२४ पर्यंत तो कागद चालला. त्यावर सही मुलाची, सही पालकांची, सही विद्यापीठाची. कोचच्या सहीला त्यावर जागाच नव्हती. म्हणजे कागदोपत्री जो कुणीच नव्हता, प्रत्यक्षात सगळा व्यवहार त्याच्या शब्दावर चालायचा. या फटीतच पुढचं सगळं घडलं.

फ्रेझरचा मुलगा, ट्रेझेव्हंटचा कोच

मेम्फिसच्या उत्तरेला फ्रेझर नावाचा भाग आहे. कारखाने बंद पडल्यावर ओसरलेली, बहुसंख्य कृष्णवर्णीय, गरीब वस्ती. तिथली सरकारी शाळा म्हणजे ट्रेझेव्हंट हायस्कूल. अल्बर्ट मीन्स या शाळेचा बचावफळीतला खेळाडू. १९९९ च्या हंगामात तो देशातल्या सर्वोत्तम शाळकरी खेळाडूंत मोजला जात होता. एवढ्या वजनाची आणि तरीही चपळ अशी मुलं दरवर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात. दक्षिणेतली झाडून सगळी मोठी विद्यापीठं मागे लागली.

शाळेचा हेड कोच होता लिन लँग आणि त्याचा साहाय्यक मिल्टन कर्क. फेब्रुवारी २००० मध्ये मीन्सने अलाबामाच्या कागदावर सही केली. गावात थोडी कुजबुज झाली, पण अशी कुजबुज दरवर्षी होते.

जानेवारी २००१ मध्ये कर्कने मेम्फिसच्या ‘कमर्शियल अपील’ या वर्तमानपत्राकडे तोंड उघडलं. त्याचं म्हणणं असं, की लँगने मीन्सचा भाव लावला होता. त्याला हवं ते देणाऱ्या विद्यापीठाकडे पोरगा जाणार होता. मागणी होती २,००,००० डॉलरची, आणि देणारा होता लोगन यंग नावाचा मेम्फिसचा धनाढ्य माणूस, अलाबामाचा कट्टर चाहता.

कर्क काही हरिश्चंद्र नव्हता. या कटात तो स्वतः सामील होता आणि पुढे त्यानेही गुन्हा कबूल केला. पण घरचा भेदी नसता तर हे बाहेर आलंच नसतं, असं मला वाटतं. देणारा रोखीत देतो, घेणारा रोखीत घेतो, ज्याच्या नावावर घेतलं त्याला पत्ता नाही. तक्रार करणार कोण?

लोगन यंग हा इसमही समजून घेण्यासारखा. विद्यापीठाचा तो नोकर नव्हता, विद्यार्थीही नव्हता. अशांना ‘बूस्टर’ म्हणतात. म्हणजे संघासाठी जीव आणि पैसा ओवाळून टाकणारे हितचिंतक. यंगकडे वाडवडिलांची गडगंज संपत्ती होती आणि अलाबामाचे महान कोच बेअर ब्रायंट यांच्याशी त्याचा घरोबा होता. नियमानुसार बूस्टरने रिक्रूटिंगमध्ये नाक खुपसायचं नाही. पण यंगला अलाबामा जिंकलेलं हवं होतं, तेही मेम्फिसमध्ये बसून. हे शहर टेनेसी राज्यात आहे आणि टेनेसी विद्यापीठ हे अलाबामाचं पिढीजात वैरी. शत्रूच्या अंगणातला सगळ्यात तगडा पोरगा उचलून नेण्यात जी मजा, ती दुसऱ्या कशातच नाही. कित्येकदा पैशाहून ही मजाच जास्त काम करते.

ऑगस्ट २००१ मध्ये लँग आणि कर्क यांच्यावर फेडरल आरोपपत्र आलं. लँगने आधी इन्कार केला, नोव्हेंबर २००२ मध्ये गुन्हा कबूल केला आणि पुढे सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार झाला. यंगकडून आपल्याला १,५०,००० डॉलर मिळाले, असं त्याने शपथेवर सांगितलं. साक्षीत त्याने आणखी काही विद्यापीठांच्या प्रशिक्षकांचीही नावं घेतली. कुणी रोख दिली, कुणी नोकरी देऊ केली, कुणी बायकोच्या शिक्षणाचं गाजर दाखवलं, असं त्याचं सांगणं. नावं घेतलेल्यांनी ते फेटाळलं, आणि त्यांच्यावर खटले झाले नाहीत. म्हणून ती नावं मी इथे गाळतो. शिवाय लँगच्या प्रत्येक वाक्याला सोनं समजावं, असा त्याचा लौकिकही उरला नव्हता. यंगच्या वकिलांचा सगळा भर त्यावरच होता : हा माणूस खोटारडा आहे, स्वतःची कातडी वाचवायला बोलतोय.

म्हणून सरकारी पक्षाने बँकेचे कागद आणले. अमेरिकेत १०,००० डॉलरहून जास्त रोकड काढली की बँकेला सरकारला कळवावं लागतं. तो अहवाल टाळण्यासाठी रक्कम तुकड्यातुकड्यांत काढणं हा वेगळाच गुन्हा. यंगच्या खात्यातून अशा रकमा निघत होत्या आणि लँगच्या हाती पैसा येत होता, ही सांगड ज्यूरीसमोर मांडली गेली.

२ फेब्रुवारी २००५ रोजी ज्यूरीने यंगला दोषी ठरवलं. तो बुधवार होता. फेब्रुवारीतला पहिला बुधवार म्हणजे देशभर शाळकरी खेळाडू तेव्हा कॉलेजच्या कागदांवर सह्या करायचे तो दिवस, ‘साइनिंग डे’. न्यायालयाने मुद्दाम मुहूर्त काढला नव्हता, पण काढला असता तरी याहून चांगला सापडला नसता.

कोच म्हणजे लोकसेवक

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे. वाचकाला सहज प्रश्न पडेल, यात गुन्हा काय? एनसीएए ही खाजगी संस्था. तिचा नियम मोडणं म्हणजे कायदा मोडणं नव्हे. एखाद्या श्रीमंत माणसाने एका कोचला पैसे दिले तर फेडरल सरकारचं काय बिघडलं?

सरकारी वकिलांचं उत्तर साधं आणि धारदार होतं. लिन लँग हा मेम्फिसच्या सरकारी शाळेचा कर्मचारी, म्हणजेच लोकसेवक. टेनेसीच्या कायद्यात लोकसेवकाला त्याच्या पदाच्या प्रभावासाठी पैसे देणं ही लाच. ती देताना राज्याची सीमा ओलांडली गेली, म्हणून फेडरल कायदा लागू. अशा कामांसाठी १९६१ चा एक कायदा आहे, मुळात संघटित गुन्हेगारीच्या टोळ्यांसाठी केलेला. यंगवर सिद्ध झालेले आरोप त्याच भाषेतले : रॅकेटिअरिंगचा म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कट, त्यासाठी राज्याची सीमा ओलांडणं आणि गुन्हा लपवायला बँकेतून तुकड्यांत पैसे काढणं. जुगाराचे अड्डे चालवणाऱ्यांसाठी बनवलेलं हत्यार शाळेच्या मैदानावर चाललं.

तलाठ्याने सातबाऱ्यावर नोंद करायला पैसे घेतले तर आपल्याला लाच लगेच दिसते. नोंद करणं हा त्याचा अधिकार. पण कोचचा अधिकार कुठला? मुलाला अलाबामाला पाठवण्याचा अधिकार त्याला कुणीही दिला नव्हता. शाळेने नाही, एनसीएएने नाही, त्या कागदाने तर नाहीच. त्याच्याकडे होता तो फक्त शब्द. ‘तू तिकडे जा’ म्हटल्यावर पोरगा जाईल, एवढंच. विकलं ते हेच, आणि कोर्टाने मान्य केलं की शिक्षकपदाच्या आधाराने आलेलं हे वजन ही सरकारी नोकरीचीच मिळकत आहे, खाजगी मालमत्ता नाही.

मला हे अतिशय महत्त्वाचं वाटतं. कारण तोवरचा सगळा आरडाओरडा ‘पोरगा विकला’ या शब्दांत होता, आणि ते शब्द मुळातच फसवे. कांद्याच्या बाजारात अडत्या स्वतःची अडत कापून घेतो, पण शेवटी पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. किती वजन, काय भाव, किती कपात, सगळं लिहिलेलं. इथे पट्टीच नव्हती. माल ज्याचा होता त्याला बाजार भरल्याचंच कळलं नाही. सौदा झाला तो मुलाच्या विश्वासाचा, आणि तो विश्वास कोचच्या मालकीचा कधीच नव्हता.

परीक्षेची गोष्ट इथे जोडून पाहावी. तेव्हाच्या नियमांनुसार पहिल्या वर्षी खेळायचं तर शाळेतले १३ ठराविक विषय आणि प्रवेशपरीक्षेत किमान गुण लागत. ही परीक्षा अडली की १,५०,००० डॉलरचा सौदा कोसळला असता. म्हणजे मीन्सच्या अभ्यासात कोचला रस होता तो एवढाच, की अडथळा दूर व्हावा. त्याला शिकवणी लावण्यापेक्षा दुसऱ्याला बसवणं स्वस्त. या एका कृत्याने कोचने मुलाचं जे नुकसान केलं ते पैशांच्या नुकसानीहून मोठं, असं माझं मत. पैसे मीन्सला नियमाने मिळणारच नव्हते, पण शिक्षण मिळणार होतं.

कुणाला काय भोगावं लागलं

शिक्षांचा हिशेब लावला तर डोकं गरगरतं.

अलाबामा विद्यापीठाला १ फेब्रुवारी २००२ रोजी एनसीएएने पाच वर्षांची निगराणी, दोन हंगाम बोल सामन्यांवर बंदी आणि २१ शिष्यवृत्त्यांची कपात सुनावली. ‘बोल’ म्हणजे हंगामाअखेरचे मानाचे सामने. १९९५ मध्येही अलाबामावर कारवाई झालेली असल्याने या वेळी संघच काही काळ बंद करण्याची शिक्षा अगदी दारात येऊन परतली. फुटबॉलमध्ये ती शिक्षा त्याआधी एकदाच, १९८७ मध्ये टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला झाली होती आणि त्यातून तो संघ कित्येक वर्षं वर आला नाही. अलाबामाने २००२ मध्ये १० सामने जिंकले आणि डिसेंबरात घरी बसले. त्या संघातल्या बहुतेक पोरांचा या भानगडीशी काडीचाही संबंध नव्हता. ज्यांना मिळू शकल्या असत्या त्या २१ शिष्यवृत्त्या तर अशा मुलांच्या गेल्या ज्यांची नावंही कुणाला कळणार नाहीत. तीही कुठल्यातरी फ्रेझरमधलीच असतील.

यंगला सहा महिने तुरुंग आणि सहा महिने घरकैद. अपील चालू असल्याने तो बाहेर होता. एप्रिल २००६ मध्ये तो घरात मृतावस्थेत सापडला. घरभर रक्त पाहून पोलिसांना आधी खून वाटला, नंतर तपासात पडून झालेला अपघात ठरला. आपण निर्दोष असल्याचं तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

लँगला सरकारी साक्षीदार झाल्याबद्दल प्रोबेशन आणि समाजसेवा. तुरुंग नाही. देणाऱ्याला कैद आणि घेणाऱ्याला समाजसेवा हे खटकतं. खटला उभा राहायला कुणातरी आतल्या माणसाची जबानी लागते आणि तिची किंमत द्यावी लागते, हे मला कळतं. तरी ज्याच्यावर मुलाने विश्वास टाकला होता तो यंग नव्हता, लँग होता.

बाकी वैराचं राजकारण भरपूर झालं. टेनेसीचे कोच फिलिप फुल्मर यांनी चौकशीला माहिती पुरवल्याचं उघड झालं. अलाबामाच्या बाजूच्या वकिलांकडून समन्स हाती पडू नये म्हणून ते २००४ मध्ये कॉन्फरन्सच्या, म्हणजे दोन्ही विद्यापीठं ज्या गटात खेळतात त्या गटाच्या, वार्षिक पत्रकार मेळाव्याला अलाबामात गेलेच नाहीत, फोनवरून बोलले आणि १०,००० डॉलरचा दंड भरला. चाहत्यांना आजही या कथेतला हाच भाग पाठ असतो. मुलाचा भाग नाही.

कायद्यात बसणारी वाट

त्याच मेम्फिसमध्ये, त्याच २००५ च्या फेब्रुवारीत, आणखी एक गोष्ट घडली. ब्रायरक्रेस्ट या खाजगी शाळेतल्या मायकेल ओहर नावाच्या आडदांड खेळाडूने मिसिसिपी विद्यापीठाच्या कागदावर सही केली. थोड्याच दिवसांत त्याच्या शाळेचे कोच ह्यू फ्रीझ यांना त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल विभागात नोकरी मिळाली. एनसीएएने चौकशी केली, गैरप्रकार ठरला नाही. पुढे २०११ च्या अखेरीस फ्रीझ तिथले हेड कोचही झाले.

आर्कान्सामध्ये वर्षभरानंतर तसंच. स्प्रिंगडेल हायस्कूलचे कोच गस मालझान यांना विद्यापीठाने आक्रमणफळीचे प्रमुख नेमलं आणि त्यांच्याच शाळेचा नावाजलेला क्वार्टरबॅक (संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) मिच मस्टेन, सोबत आणखी काही खेळाडू, तिकडेच गेले. एका हंगामानंतर कोचही दुसरीकडे आणि मस्टेनही दुसरीकडे.

यात लाच नव्हती, हे स्पष्ट म्हणतो. मालझान हे पुढे ऑबर्नला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेणारे कोच. गुणवत्ता होतीच. पण लँगच्या प्रकरणातून शिकलेली नजर इथे रोखली तर प्रश्न तोच राहतो : त्या आठवड्यांत मुलाला सल्ला देणारा माणूस नेमका कुणाच्या हिताचा विचार करत होता? रोख घेतली तर रॅकेटिअरिंग आणि नियुक्तीपत्र घेतलं तर करिअर. कायद्याला ही रेघ ओढावीच लागते, पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर ती फार जाड दिसत नाही.

एनसीएएलाही हे उमगलं असावं. २०१७ मध्ये नियम आला, की खेळाडूच्या जवळच्या माणसाला, त्यात शाळेचा कोचही आला, त्या खेळाडूच्या प्रवेशाच्या आधी दोन वर्षं आणि नंतर दोन वर्षं विद्यापीठाने मैदानाबाहेरच्या पदावर नेमायचं नाही. मैदानावरच्या प्रशिक्षकाच्या जागा मात्र मोकळ्या ठेवल्या. म्हणजे दार बंद केलं आणि खिडकी उघडी.

आता काय उरलं

आज हेच प्रकरण घडलं असतं का? बहुधा या रूपात नाही.

१ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीच्याच एका फेडरल न्यायाधीशाने, सही करण्याआधी अशा पैशांची बोलणी करायला असलेली एनसीएएची बंदी रोखून धरली. जून २०२५ च्या तडजोडीनंतर तर विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे २०.५ दशलक्ष डॉलर. प्रवेशपरीक्षेच्या गुणांची एनसीएएची अटही २०२३ मध्ये गेली. मीन्ससारख्या मुलाचा भाव आता राजरोस लागेल आणि पट्टी त्याच्या नावाने निघेल.

हायस्कूलच्या कोचचं वजनही घटलं. सामन्यांची दृश्यं इंटरनेटवर, म्हणून टेपच्या कपाटाची किल्ली निरुपयोगी. मुलाच्या खिशात फोन, म्हणून निरोप्याची गरज नाही. शिवाय कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नावं जिथे नोंदली जातात त्या ट्रान्सफर पोर्टलमुळे कॉलेजं दुसऱ्या कॉलेजांतले तयार खेळाडूच उचलतात आणि शाळेच्या जिमखान्यामागच्या खोलीत तासभर बसायला पूर्वीइतकी माणसं येत नाहीत. याचा फटका सर्वांत जास्त बसतो तो मधल्या दर्जाच्या मुलांना. ताऱ्याला सगळेच शोधतात. पण ज्याच्यासाठी कोचने दहा ठिकाणी शब्द टाकावा लागतो, त्या मुलाला तो प्रामाणिक पीटी सर आजही हवा असतो.

रिकामी जागा मात्र रिकामी राहिलेली नाही. तिथे एजंट आले, खाजगी ट्रेनर आले, उन्हाळी लीग चालवणारे आले. हे कुणीच सरकारी शाळेचे नोकर नाहीत. म्हणजे ज्या कलमाने लोगन यंगला गाठलं, ते यांच्या बाबतीत पोकळ. लँग लोकसेवक होता म्हणून सापडला.

ट्रेझेव्हंट हायस्कूल पुन्हा बातम्यांत आलं ते २०१६ मध्ये. या वेळी गुणपत्रिकांमध्ये फेरफार झाल्याचं प्रकरण होतं. चौकशीच्या ओघात शाळेच्या फुटबॉल कोचला नोकरी गमवावी लागली.

अल्बर्ट मीन्सने २००१ मध्येच अलाबामा सोडलं. तो गावी परतला, मेम्फिस विद्यापीठात, फ्रेझरपासून अर्ध्या तासाच्या आत. डिसेंबर २००३ मध्ये मेम्फिसचा संघ न्यू ऑर्लीन्स बोल खेळला, १९७१ नंतरचा त्याचा पहिलाच बोल सामना, आणि नॉर्थ टेक्सासविरुद्ध २७-१७ असा जिंकला. अलाबामाच्या बंदीचा तो दुसरा हंगाम होता.